पोतंभर पांढरी

२२ एप्रिल १९७९, रविवार

शाळेच्या बाईंनी विशाखाला सुट्टीत दैनंदिनी लिहायला सांगितली आहे. विशाखा म्हणजे माझी नात, यंदा सहावीत गेली. तिच्या वहीत आजवर एकच ओळ उतरली आहे : 'सकाळी उठले, दात घासले.' मी म्हटलं, पोरी, दात तर कुत्रंही दाखवतं, त्याची वही कोण वाचतं? त्यापेक्षा माझी दैनंदिनी लिही. मला अक्षर येत नाही आणि तुला सांगण्यासारखं काही घडत नाही. दोघी मिळून एक धड बाई होईल.

तर मी धुरपताबाई. मी सांगते, ती लिहिते. माझं बोलणं माझ्या तोंडात लुगड्यात असतं, हिच्या वहीत गेलं की इस्त्रीचा फ्रॉक घालून बसतं. असू दे. बाईंसमोर जायचं आहे त्याला.

आम्ही मानवतला राहतो, जिनिंगच्या मागं, पत्र्याच्या एका खोलीत. लेक सूर्यभान जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. सून केशर. विशाखाचा भाऊ संगपाल, सहा वर्षांचा, त्याला आम्ही संगू म्हणतो. गेल्या श्रावणात आलो. औरंगाबादच्या थोरल्या शाळेला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, आणि आमच्या गावात आमच्या गल्लीची माळवदं पेटली. ती शाळा मी पाहिलेली नाही, तिचं दार कुठल्या तोंडाला आहे तेही ठाऊक नाही. पण शाळा लांब होती आणि माझं घर जवळ होतं. लोकांनी जवळचं काम आधी उरकलं.

गावाचं नाव लिहू नको. त्याला लाज वाटेल.

घर जळालं असं लिही, म्हणतो सूर्यभान. केशर म्हणते, जाळलं असं लिही. तू दोन्ही लिही, वही मोठी आहे.

पण भिंती उभ्या आहेत. संक्रांतीच्या सुमारास गावचा बन्सीधर गाडीवान इथं बाजारात भेटला, तो सांगून गेला, छातीएवढ्या भिंती शाबूत आहेत. भिंत आहे तर घर आहे. वर लाकडं टाकायची, पाला टाकायचा, पांढरी माती चोपायची, झालं माळवद. मृग लागायच्या आत गावी जायचं आणि माळवद घालून घ्यायचं, असं माझ्या मनात आहे. सूर्यभानला अजून बोलले नाही. त्याच्या मनात काय आहे ते तोही बोललेला नाही. आमच्याकडं मनं भरपूर आहेत, खोली तेवढी एक.

२५ एप्रिल

पत्र्याखाली माणूस पापडासारखं भाजतं, म्हणून मी दिवसभर मागच्या बाभळीखाली बाज टाकून असते. आज तिथं संगू आणि शेजारच्या गवंड्याची नसीम कामाला लागले. नालीकाठची काळी माती, डबड्यानं पाणी, पायानं चिखल.

"काय करायलाव रं?"

"घर बांधायलोत."

"कोन ऱ्हाणार त्यात?"

"तू," संगू म्हणाला.

गुडघ्याएवढ्या चार भिंती झाल्या. उन्हानं संध्याकाळपर्यंत अशा तडकल्या की माझ्या टाचा बऱ्या. मी हसले. काळीत ज्वारी उगवते बाबांनो, भिंत उगवत नाही. संगू रुसून जेवायला आला नाही. मग भाकरी पाहिली आणि आला.

२८ एप्रिल

पोरांचा शोध लिहून ठेव. मी चिखलात ज्वारीचा भुसा घालायला सांगितला, आमच्याकडं तसंच करतात. पण शहरात भुसा कुठला? जिनिंगच्या कुंपणाला मात्र कापसाचा कचरा ढिगानं अडकलेला असतो. नसीमनं ओचा भरून आणला आणि चिखलात तुडवला. आज भिंत वाळली, आणि तडा नाही. कापसाचे धागे मातीला आतून धरून बसलेत. संगूनं बोटानं टोकरून पाहिलं, मी काठीनं ठोकून पाहिलं.

जन्मभर कापूस वेचला, तो भिंत धरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विशाखा म्हणते, तुझं कौतुक लिहू का? माझं कशाला, नसीमचं लिही.

२ मे

संगूनं मागच्या भिंतीलाही दार ठेवलंय. तेही पुढच्याहून मोठं. त्यामुळं ती भिंत रोज पडते. रोज बांधतो, रोज पडते.

"राजवाडा हाय का रं? दोन दारं कशाला?"

"एक यायचं," तो म्हणाला. "एक पळायचं."

मी म्हटलं, लग्नाच्या आधीच पळायची वाट, बायको काय म्हणंल? नसीम हसली. तो हसला नाही, माती मळत राहिला. आम्ही निघालो तेव्हा सगळे एकाच दारातून निघालो होतो आणि हा केशरच्या कडेवर होता, तिच्या पदराखाली तोंड घालून. एवढंसं होतं ते. त्याला काय आठवणार?

मी सांगितलं, वरचं वजन धरायला खाली माती उरत नाही, म्हणून भिंत बसते. दार बुजव, घर टिकंल. तो म्हणाला, न्हाई. दार राहील आणि घरही राहील, कसं ते तू सांग. सहा वर्षांच्या पोरानं मला कामाला लावलं.

शेवटी विशाखानं आपली मोडकी फुटपट्टी दिली. ती दारावर आडवी टाकली, आकडे बाहेरच्या बाजूला. वर माती चढवली. भिंत उभी आहे. माझ्या भिंतीवर इतकी शिकलेली पट्टी कधी नव्हती.

७ मे

माळवदाचा दिवस. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाच्या, काड्या एकाला एक लावून टाकल्या, त्यावर लिंबाचा पाला, त्यावर काळी माती. पाऊस कसा तपासायचा ते संगूनं काढलं. आत चुलीतली राख पसरायची, वरून तांब्यानं पाणी घालायचं, मग दारातून डोकावायचं. राखेवर थेंब उमटला तर गळलं.

उमटले. देवी आल्यासारखी राख झाली.

नसीम म्हणाली, "दादी, अब्बा बोले सिमेंट लगाओ." बापाच्या पाटीतलं उरलंसुरलं सिमेंट आणून तिनं वर फासलं. दुपारी त्याची खपली सुटून आली, जखमेवरची सुटते तशी, अख्खी. मातीला ते परकं वाटलं. मग दोघं माझ्याकडं आले. मी वाटच पाहत होते.

पांढरी पाहिजे, मी म्हटलं. शेताची ती काळी, गाव जिच्यावर बसलंय ती पांढरी. काळी पोट भरते, पांढरी डोकं झाकते.

"कुठून येती ती?"

घरातून येते. घर पडतं, पावसानं विरघळतं, माती होतं. ती माती चाळून दुसरा आपल्या माळवदावर घालतो. त्याचं पडलं की तिसरा नेतो. आजोबा-पणजोबांपासून घरं पडत आली, म्हणून ती इतकी बारीक, पाणी तिच्यातून उतरत नाही. पडक्या घराची माती कुणी नेली तर तिला चोरी म्हणत नाहीत, तशी रीतच आहे.

इथल्या गढीवरची पांढरी इथल्यांची. आपल्याला आपल्या गावची हवी. आज बाजाराला बन्सीधर आला होता. गावात मला 'धुरपते' म्हणायचा, आज भर बाजारात 'बाई' म्हणाला. घर गेल्यापासून माझा मान वाढलाय. त्याच्याजवळ मनकर्णेला निरोप दिला : पोरांना खेळायला पाटीभर पांढरी धाड, आणि माझ्या भिंती कशा आहेत ते डोळ्यांनी बघून कळव. मृगाच्या आत यायचं म्हणते.

मनकर्णा कोण ते लिही. पाटलाच्या भावकीतली, माझी मैत्रीण. आम्ही एका ओळीत कापूस वेचत म्हातार्‍या झालो. तहान लागली की तिचा तांब्या वर, माझी ओंजळ खाली. मी म्हणायची, मनकर्णे, उंचावरून पडलं की पाणी गोड लागतं गं. ती खाली बघायची. आमची गल्ली पेटली तेव्हा तिचं दार बंद होतं. तिला कमी ऐकू येतं.

विशाखा म्हणते, आजी, मनकर्णाआजीला चांगलं ऐकू येतं. वहीत नको ते बोलू नको, मी सांगते तेवढं लिही.

१४ मे

बन्सीधर आला, पण पांढरी नाही.

"भिंती हायत न्हवं?"

"हायत की. म्हंजे... हायत तशा."

"तशा म्हंजे कशा?"

"अवो बाई, बैल उन्हात हायत माझे." आणि गेला. त्याच्या बैलांची त्याला एवढी काळजी मी पहिल्यांदाच पाहिली. उन्हानं माणसाची अक्कल पातळ होते.

जेवताना सूर्यभानला म्हटलं, मृगाच्या आत माळवद घालू. तो ताटातच बघत राहिला. मग म्हणाला, "माय, त्या भिंतीचं कशाला इचारतीस सारखं? इथं घराच्या जागेसाठी नाव दिलंय मी."

"इथल्या जागंत आपल्या दारासारखा लिंब हाय का?"

"लावू."

"तो मोठा होईस्तवर मी काय पत्र्यावर सावली वाळत घालू?"

केशर हसली. तो हसला नाही. बाप गेला तेव्हापासून हसायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलंय.

१७ मे

पोरांचं घर आता माझ्या हुकमानं चाललंय. चूल उगवतीच्या कोपऱ्यात. रांजणाला खळगा. दारासमोर लिंबाची डहाळी रोवली, रोज सुकते, रोज नवी रोवतात. विशाखा म्हणते, तू त्यांना खेळू देत नाहीस. बरं. पण चूल दारासमोर घातली असती त्यांनी, धूर सगळा घरात.

आज देवळी केली. भिंतीत दिवा ठेवायला कोनाडा असतो ना, ती. माझ्या देवळीला मी दर दिवाळीला चुन्यात नीळ कालवून लावायची, कुंचल्यानं नाही, चार बोटांनी वरून खाली ओढून. चार निळे पट्टे उमटायचे. शेवटचं बोट माझं वाकडं आहे, विळ्यानं कापलेलं, तर चौथा पट्टा खाली जाऊन बाहेर वळायचा. सूर्यभान लहानपणी त्या पट्ट्यांत आपली बोटं घालून बघायचा, किती मोठा झालो म्हणून. कधीतरी त्याची बोटं माझ्याहून मोठी झाली आणि त्यानं घालणं सोडलं.

इथली देवळी संगूच्या मुठीएवढी. नीळ लावायची राहिली. मी म्हटलं, आधी माळवद होऊ दे, उघड्या घराला रंग कशाला?

२१ मे

पांढरी आली. पाटीभर मागितली होती, पोतंभर आली. बन्सीधरनं गाडीतून उतरवली, बाजेजवळ टेकवली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मनकर्णाबाईचा निरोप हाय. म्हनल्या, धुरपताला सांग, गळायची न्हाई. लय जुनी माती हाय."

"आन् भिंतीचं काय?"

"तेवढंच सांगितलं त्यांनी."

पोतं सोडलं. वास आला आणि मी डोळे मिटून घेतले. पाणी शिंपडलं की आमच्या गल्लीला यायचा तोच. मग मूठ भरून पाहिली. माती मऊ आहे, पण आत कोळशाचे तुकडे, लाल भाजकी ढेकळं, बांगडीच्या काचा. मनकर्णेला इतकी वर्षं झाली, माती चाळून धाडायची अक्कल नाही. उकिरड्यावरची भरली की काय कोण जाणे. केशर पोत्याजवळ आली, लाल ढेकूळ उचललं, माझ्याकडं बघितलं आणि ठेवून आत गेली. तिलाही मनकर्णेचा राग आला असावा.

पोरांना चाळणीला बसवलंय.

२२ मे

संगू एक ढेकूळ घेऊन आला. "आजी, हे चाळणीतून जाईना. ह्याला निळा रंग हाय."

तळहाताएवढं. एका अंगाला चार पट्टे. चौथा बाहेर वळलेला.

मी माझी बोटं त्यात ठेवली. बसली.

आज एवढंच लिही.

२८ मे

बाजारात बन्सीधरची गाडी गाठली. बैल सावलीत होते, त्यामुळं त्याला निमित्त सापडेना. मी म्हटलं, आता धुरपते म्हण आणि खरं सांग.

तो जुवाकडं बघत बोलला. फाल्गुनात कुणीतरी पहिली पाटी नेली. पडकं घर, तशी रीतच आहे. मग दुसऱ्यानं. वैशाखात माळवदं करायची वेळ आली आणि अख्खं गाव आलं, गाड्या घेऊन आलं. आमची गल्ली आता सपाट आहे. त्यावर खळं करायचं म्हणतात.

"देवळीचा कोपरा तेवढा मनकर्णाबाईनं राखला व्हता. तुमचा निरोप आला तवा सोता टोपलं घिऊन गेल्या. भर सकाळी, सगळ्यायसमोर. लोकं हसली. म्हनल्या, हसा, हे धुरपताचं हाय, तिला धाडायलेय."

"तिच्या माळवदावर कुठली माती हाय रं औंदा?"

त्यानं बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली. मग म्हणाला, "खोटं कशाला बोलू? नवऱ्यानं आदीच आनून टाकली व्हती. तुमचीच."

माती न्यायला लागलेत हे सूर्यभानला पाडव्यापासूनच माहीत होतं. केशरला पोतं उघडलं तेव्हा कळलं. मला सगळ्यात शेवटी कळलं, आणि घर माझं.

३० मे

दोन दिवस पोरं चाळलेल्या मातीच्या ढिगाशी बसून होती. संगूनं विचारलं, आजी, ही माती ठेवायची का तशीच? मी म्हटलं, ठेवून काय करू, लोणचं घालू? माती माळवदावर घालायची असते. चल.

काळी सगळी खरवडून काढली. ओली पांढरी थापली, वर कोरडी पांढरी भुरभुरवली, नसीमनं बापाच्या थापीनं चोपली. कडेला पाण्याची धार जायला उतार ठेवला आणि एरंडाच्या नळीचा पन्हाळ बसवला, तोही संगूच्या डोक्यातला. आत राख पसरली. विशाखानं तांब्या ओतला, मग बादली ओतली. पाणी पन्हाळातून खाली आलं, गावाकडं येतं तसंच, गढूळ, धार धरून.

संगू मागच्या दारातून आत डोकावला, पोटावर पडून. आम्ही सगळे त्याच्या तळपायांकडं बघत बसलो.

"कोरडं हाय," तो आतून म्हणाला.

इतक्यात सूर्यभान कामावरून आला, अंगावर कापूस तसाच. उकिडवा बसला. फुटपट्टीखालून आत बघितलं, चूल पाहिली, रांजणाचा खळगा पाहिला.

"दोन दारं कशाला रं?"

संगूनं सांगितलं, मला सांगितलं होतं तेच. सूर्यभाननं फुटपट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आपल्याला जागा मिळाली की आपल्या बी घराला ठिवू. पट्टी लाकडाची टाकू, लांब."

मी म्हटलं, वर पत्रा घाल नाहीतर सोनं घाल, माझी हरकत नाही. चूल मात्र उगवतीच्या कोपऱ्यात. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बरं, माय." आणि मग निळं ढेकूळ हातात घेऊन त्यानं त्यावर आपली बोटं ठेवून पाहिली. मावली नाहीत. मला वाटलं, तो आता हसेल. त्यानं तोंड फिरवलं.

ते ढेकूळ चुरायचं नाही असं पोरांनी ठरवलंय. मी केशरच्या धुण्यातली नीळ कालवली आणि त्या मुठीएवढ्या देवळीत बोटं ओढली. चार मावेनात, दोन ओढली. बाकीची दोन मोठ्या घराला.

आता मनकर्णेला निरोप. बन्सीधर सोमवारी येईल, त्याला वाचून दाखव, सारखं दोनदा, त्याचं ध्यान बैलांत असतं. लिही.

मनकर्णे, माती पोचली. गळाली नाही. आमचं घर गेलं म्हणून मी इकडं रडत होते, ते तर तिकडं अख्ख्या गावाच्या डोक्यावर जाऊन बसलंय. पाऊस लागला की सगळे त्याच्याखाली निजतील, ज्यांनी काड्या लावल्या तेही. निजू दे. तुझ्याही डोक्यावर माझीच भिंत आहे असं कळलं. दरवर्षी वरून मूठमूठ पांढरी टाकत जा, उतार नीट ठेव, गवत उगवलं तर उपट. मी असते तर मीच येऊन सांगितलं असतं.

मी येत नाही. तू ये. कापसाची ओळ इथं नाही, पण बाभळीखाली बाज आहे, दोघींना पुरते. चालून दमशील, तर इथं नळ आहे. या वेळी मी ओतते, तू ओंजळ धर.

नाहीतर तांब्यानंच पी. आमच्यात चालतं.